हवेच्या पिशवीचा जॅक संस्थेने घ्यावा का? आमचं मत



फुगणाऱ्या जॅकचा तो व्हिडिओ आपल्या ग्रुपवर इतक्या वेळा फिरलाय की आता लहान पोरांनाही पाठ झालाय. वाळूत रुतलेली जीप, तिच्याखाली चपटी पिशवी सरकवली, पिशवीची नळी सायलेन्सरला लावली, इंजिन चालू, आणि बघता बघता गाडी वर. पाच-सहा जणांनी फोन करून सांगितलं की संस्थेने सामायिक पैशातून असा एक जॅक घ्यावा. बंदीच्या दिवसांत होड्या वर ओढल्या की किनाऱ्यावर गाड्यांची ये-जा वाढते, पावसाने जमीन मऊ होते, आणि रोज कुणाची ना कुणाची गाडी फसते. मागणी चुकीची नाही.

आमचं मत असं की जॅक घ्यावा. पण व्हिडिओत दाखवतात तसाच वापरायचा असेल तर अजिबात घेऊ नये. सभेत हे पाच मिनिटांत सांगून होत नाही, शिवाय मागे गप्पा चालू असतात, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी त्याचं चांगलं काय ते सांगू. आपल्याकडचा नेहमीचा बाटलीचा जॅक रेतीत का चालत नाही? त्याची बैठक जेमतेम दहा सेंटिमीटर लांब-रुंद असते, म्हणजे शंभर चौरस सेंटिमीटर. तिच्यावर आठशे किलो आले तर दर चौरस सेंटिमीटरला आठ किलोचा भार पडतो. सुवालीची ओली रेती किंवा खाडीच्या तोंडाचा गाळ तेवढं काय धरणार? गाडी वर जायच्या ऐवजी जॅक खाली जातो. पिशवीचा घेर मोठा असतो. साठ सेंटिमीटर व्यासाची पिशवी धरली तर तिचं क्षेत्रफळ अठ्ठावीसशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास येतं. तेच आठशे किलो तिच्यावर पसरले की दर चौरस सेंटिमीटरला तीनशे ग्रॅमसुद्धा पडत नाहीत. माणूस चालताना त्याच्या तळपायाखाली साधारण एवढाच दाब असतो. म्हणजे जिथे तुम्ही चालू शकता, तिथे ही पिशवी टिकून गाडी उचलू शकते. आत हवाही फार लागत नाही. टायरमध्ये आपण पस्तीस पौंड भरतो, पिशवीत त्याच्या पाचव्या हिश्श्याने काम होतं. ऑस्ट्रेलियात वाळवंटात आणि किनाऱ्यावर फिरणारे लोक हा जॅक बरीच वर्षं गाडीत ठेवतात ते उगाच नाही.

आता दुसरी बाजू. पिशवी जसजशी वर फुगते तसतशी ती गोल होते. चपटी असताना गाडीला पूर्ण टेकलेली असते, गोल झाली की टेकायची जागा कमी होते, आणि वरची गाडी डुलायला लागते. पाण्यावर तरंगणाऱ्या पिंपावर उभं राहून बघा, तसंच. त्यातून आपला किनारा उतरता. गाडी समुद्राच्या बाजूला कललेली असते, आणि पिशवी तिला आणखी त्याच बाजूला ढकलू शकते. म्हणून ही पिशवी गाडीला धरून ठेवणारी वस्तू नव्हे, हे सगळ्यात आधी डोक्यात बसवा. गाडी वीतभर उचलायची, चाकाखालचा खड्डा भरायचा, फळी सरकवायची, गाडी खाली घ्यायची. काम एवढंच. पिशवीवर गाडी ठेवून चाक बदलणं, खाली झोपून स्प्रिंग बघणं, तेल गळतंय का बघणं, यातलं काहीही नाही. फळीसुद्धा हाताने आत ढकलायची नाही. फावड्याचा दांडा असतो ना, त्याने ढकला. ऑस्ट्रेलियात तर गाडीच्या साध्या लोखंडी जॅकवरसुद्धा, वर उचललेल्या गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग घालू नये, असा इशारा छापणं सक्तीचं आहे. लोखंडी जॅकची ही गोष्ट, मग हवेच्या पिशवीचं काय घेऊन बसलात.

व्हिडिओत न दिसणारी एक गोष्ट आहे, आणि आम्हाला तीच सगळ्यात धोक्याची वाटते. नेहमीचा जॅक लावताना आपण इंजिन बंद करतो, गाडी गिअरमध्ये टाकतो, हँडब्रेक ओढतो. म्हणजे गाडीला दोन ठिकाणी अडवलेलं असतं. सायलेन्सरच्या धुराने पिशवी भरायची म्हटली की इंजिन चालू ठेवावं लागतं. इंजिन चालू म्हणजे गिअर न्यूट्रल. उरला फक्त हँडब्रेक. आपल्या माल वाहणाऱ्या गाड्यांच्या हँडब्रेकची अवस्था आम्ही सांगायला नको. खाऱ्या पाण्याने केबल गंजलेली, कितीही ओढा, धरतो की नाही देवाला ठाऊक. जुन्या विलीज पद्धतीच्या जीपमध्ये तर हँडब्रेक चाकांवर नसतोच, मागच्या शाफ्टवर असतो. तिचं एक मागचं चाक जमिनीवरून सुटलं की ते हवेत फिरतं आणि जमिनीवरचं चाकही मोकळं होतं. हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळते. फोर-व्हील जोडलेली असेल तर जरा बरं, पण त्याच्या भरवशावर राहायचं नाही.

म्हणून पाचर. जॅकच्या आधी पाचर. जी चाकं जमिनीवर राहणार आहेत त्यांना पुढून आणि मागून लाकडी पाचर ठोकून बसवायची. दगड चालतो असं म्हणणारे भेटतील, पण आपल्या रेतीत दगड चाकाबरोबर दाबला जातो. पाचरीखाली फळीचा तुकडा द्या. आणि गाडीत कुणी बसायचं नाही. ड्रायव्हरने इंजिन चालू करायचं, न्यूट्रल बघायचं, हँडब्रेक ओढायचा आणि खाली उतरून लांब उभं राहायचं. मागे हौद्यात क्रेटवर बसलेल्या बायकांना आधी उतरवा. क्रेट आणि बर्फही उतरवा. रिकामी पिकअप पावणेदोन टनांच्या आसपास असते, भरली की तीन टनांच्या घरात जाते. माल उतरवायला दहा मिनिटं लागतात म्हणून भरल्या गाडीखाली पिशवी लावणं हा कंजूषपणा आहे. अर्ध्या वेळा तर माल उतरवला, टायरची हवा अठरा-वीस पौंडांवर आणली, चाकापुढची रेती फावड्याने ओढली की गाडी आपणहून निघते आणि जॅक बाहेर काढायची गरजच पडत नाही.

धुराकडे येऊ. सायलेन्सरच्या तोंडाला नरसाळ्यासारखा रबरी भोंगा दाबून धरायचा असतो, तेव्हा पिशवी भरते. अडीच लिटरचं डिझेल इंजिन आळशी चालीवर मिनिटाला हजार लिटरच्या आसपास धूर बाहेर टाकतं, त्यामुळे पिशवी मिनिटभरात भरते. हे झालं सायलेन्सर धड असेल तर. मासळीच्या गाडीचा सायलेन्सर धड असतो का? बर्फाचं खारट पाणी चोवीस तास ठिबकतं. जोडाजवळ गंज, मध्ये भोक, कुणी पत्रा गुंडाळून तार बांधलेली. मागचं तोंड बंद केलं की धूर त्या भोकांतून निघतो, आणि भोकं नेमकी केबिनखाली असतात. पिशवी भरत नाही म्हणून कुणीतरी ॲक्सिलरेटर दाबतो, धूर आणखी वाढतो, आणि केबिनमध्ये एखादं पोर झोपलेलं असतं. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, गरगरतं, झोप येते, आणि झोप आली असं समजून माणूस पडून राहतो. पेट्रोल आणि सीएनजीच्या गाड्यांत हा वायू डिझेलपेक्षा जास्त असतो, म्हणून सीएनजी स्वच्छ असतो हे ऐकून निर्धास्त होऊ नका. शेडमध्ये, भिंतीच्या आडोशाला, ताडपत्रीखाली हा प्रयोग नकोच. पिशवी सोडतानाही वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहायचं, कारण आत साठलेला सगळा धूर एकदम बाहेर येतो.

भोंगा धरायला पोरांना बोलावण्याची पद्धत आपल्याकडे पडणार, हे आम्हाला आत्ताच दिसतंय. किनाऱ्यावर बारा-तेरा वर्षांची पोरं असतातच, आणि ‘ए, जरा धर रे’ म्हणायला आपल्याला काही वाटत नाही. तो पाईप तापलेला असतो, आणि धरणारा गाडीच्या अगदी मागे, खाली वाकून, तोंड धुराकडे करून बसलेला असतो. पाचर सुटली तर गाडी त्याच्याच अंगावर. भोंगा मोठ्या माणसाने धरायचा, जाड हातमोजे घालून, गाडीच्या सरळ मागे न बसता बाजूला बसून. पोरं वीस पावलं लांब. यात सूट नाही. आपल्या घरचं असो की खलाशाचं, पोर ते पोर.

बीएस-6 गाड्या 1 एप्रिल 2020 पासून आल्या. डिझेलमध्ये त्यांच्या सायलेन्सरच्या रांगेत काजळी अडवणारी गाळणी बसवलेली असते, ती अधूनमधून स्वतःला जाळून साफ करते आणि त्या वेळी धूर भयंकर तापतो. अशा गाडीचं तोंड बंद करून प्लास्टिकच्या पिशवीत तो धूर भरायचा नाही. नव्या गाडीला हवेचा पंप वापरा. बऱ्याच पिशव्यांना धुराच्या नळीशिवाय पंपाची वेगळी तोटी असते. घेताना ती बघून घ्यायची.

खरं तर आमचं म्हणणं असं की आधी पंप घ्यावा, मग पिशवी. गाडीच्या बॅटरीवर चालणारा दमदार पंप रोज उपयोगी पडतो. रेतीत उतरताना टायरची हवा कमी केली तर वर आल्यावर ती परत भरायला हवी. हजिऱ्याच्या रस्त्यावर ट्रेलरच्या रांगेत वीस पौंडांच्या टायरवर भरलेली गाडी पळवणं म्हणजे टायर फुटायला आमंत्रण. हवा भरायची सोय नाही म्हणून आपले लोक हवा काढतच नाहीत, आणि म्हणून गाड्या रुततात. पंपाने पिशवी भरायला मात्र वेळ लागतो. छोटा पंप असेल तर दहा मिनिटं धरा. लगेच कुणीतरी म्हणणार की धुराने मिनिटात होतं, मग दहा मिनिटं कशाला? ज्याच्याकडे दहा मिनिटं नाहीत त्याने जॅकच्या नादी लागू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्याने ट्रॅक्टरला फोन करावा.

वेळेची भानगड काय ते तुम्हाला शिकवायची गरज नाही, पण आकडे एकदा डोळ्यांपुढे ठेवू. खंभातच्या आखातात भरतीचं पाणी देशात सगळ्यात जास्त चढतं. भावनगरकडे उधाणाला दहा मीटरपर्यंत जातं. आपल्याकडे त्याहून कमी, पण मुंबईपेक्षा पुष्कळ जास्त. समजा सहा मीटर चढायचंय. सहा तासांत ते सारखं चढत नाही. पहिल्या तासाला हळू, आणि मधल्या दोन तासांत निम्मं, म्हणजे तीन मीटर. तासाला दीड मीटर, मिनिटाला अडीच सेंटिमीटर. किनाऱ्याचा उतार शंभराला एक असेल तर पाणी मिनिटाला अडीच मीटर पुढे सरकतं, दहा मिनिटांत पंचवीस मीटर. चाकाला पाणी लागल्यापासून अर्ध्या तासात अख्खं चाक बुडतं. पाणी चाकाशी आलं की खालची रेती सैल होते, भरलेली फळी तरंगते, आणि सायलेन्सरच्या तोंडाशी पाणी आलं की इंजिन बंद पडलं तर पाणी आत. अशा वेळी पिशवीवर चढवलेली गाडी म्हणजे अर्धवट सोडवलेलं संकट.

म्हणून नियम असा असावा असं आम्हाला वाटतं. पाणी चढतं असेल आणि गाडीपासून दोनशे पावलांच्या आत असेल, तर पिशवी बाहेर काढायची नाही. दोरखंड, ट्रॅक्टर, आणि सगळी माणसं बाजूला. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाच्या दिवसांत तर अंतर आणखी वाढवा. भांगाच्या दिवसांत जरा सवड मिळते.

फोर-व्हील आहे, आमची निघेल, हा भ्रमही सोडून द्यावा. 2024 च्या जूनमध्ये कच्छात मुंद्र्याजवळ दोन थार समुद्रात नेऊन फसवल्या होत्या, दोन्ही चारी चाकांनी चालणाऱ्या. 2025 च्या जुलैत खाडीपलीकडे डुमसला मर्सिडीज रुतली, ते आपण सगळ्यांनी मोबाईलवर बघितलं. आणि 2024 सरता सरता रेवदंड्याच्या वाळूत अडकलेली फेरारी शेवटी बैलगाडीने ओढून काढली. ते बघून आपण हसलो. हौशी लोकांचं ते हौसेचं होतं. आपली गाडी रुतते तेव्हा हौद्यात रात्रभराची मासळी असते, बर्फ वितळत असतो आणि सुरतच्या बाजारात भाव उतरत असतो. घाई तिथूनच येते. घाईत माणूस गाडीखाली हात घालतो.

पिशवी फाटण्याबद्दल थोडं. आपल्या किनाऱ्यावर कालवांच्या धारदार कडा, जुन्या होड्यांचे खिळे, बाटल्यांच्या काचा, हे सगळं रेतीत दडलेलं असतं. गाडीच्या पोटाला बोल्टांची टोकं आणि तापलेला सायलेन्सर. पिशवीच्या खाली आणि वर जाड रबर हवंच. भंगारात जुना कन्व्हेअर पट्टा मिळतो, तो उत्तम. जाळ्याची घडी घालू नका, नायलॉन ओलं झालं की सरकतं. शक्यतो सायलेन्सर नसलेल्या बाजूने लावा, पत्र्याला न लावता चॅसिसच्या दांड्याखाली लावा. आणि गाडी पिशवीवर असताना ट्रॅक्टरने ओढायची नाही. आधी फळ्यांवर खाली घ्या, पिशवी काढा, मग ओढा. पिशवीची तोटी हळूहळू सोडायची आणि सोडताना गाडीच्या दोन्ही बाजूंना कुणी नको, कारण उतरताना ती कुठल्या बाजूला सरकेल ते सांगता येत नाही.

दोघा-तिघा नाखवांनी विचारलंय की हीच पिशवी लावून होडी कलती करता येईल का, म्हणजे बुडाचं खरवडणं आणि रंगाचं काम सोपं होईल. याला आमचं उत्तर नाही, आणि यावर चर्चाही नको. गाडीला चार चाकं तरी असतात, होडी एका कण्यावर उभी असते. बुडाला चिकटलेले शंख-शिंपले सुरीसारखे असतात. आणि होडी कलती करायची ती तिच्याखाली जाऊन काम करण्यासाठीच, म्हणजे नेमकं जे करायचं नाही तेच. आपले लाकडी टेकू आणि ओंडके वेळ खातात, माणसं जास्त लागतात, पण लाकूड पंक्चर होत नाही.

आता पैशाचं. पिशवी एकटी घेऊ नये. पंप, चार पाचरी, चार फळ्या, रबरी पट्ट्याचे दोन तुकडे, फावडं, हातमोजे, दोरखंड, असा एक संच एकाच पेटीत असावा, आणि पेटी इच्छापोरच्या कार्यालयात राहावी. पेटीतली एखादी वस्तू कमी असेल तर पिशवी द्यायची नाही, हे लिहून लावू. संचाबरोबर कमीत कमी दोन माणसं अशी जावीत ज्यांनी ती सपाट, कोरड्या जागेवर रिकाम्या गाडीला लावून आधी हात बसवलाय. सुरुवातीला चार-पाच तरुण तयार करू. पिशवी फाटली तर खर्च कुणाचा, यावरून वाद होणार हे दिसतंच आहे. आमची सूचना अशी की रबर खाली-वर लावलं होतं आणि तरी फाटली तर संस्थेने भरावं, न लावता फाटली तर गाडीमालकाने. ज्याच्या गाडीखाली कुणी शिरलेला दिसला त्या गाडीला वर्षभर पेटी मिळणार नाही, मग तो संचालक असला तरी.

हा विषय पुढच्या मासिक सभेत घेऊ. विरोध असेल तर तोही तिथे येऊन मांडा, इथे अंगठे दाखवून भागणार नाही. ज्यांच्याकडे जुना रबरी पट्टा किंवा जाड सागवानी फळीचे तुकडे पडून आहेत त्यांनी येताना घेऊन या, तेवढाच खर्च वाचेल.

— सचिव, संस्थेच्या वतीने